इंजिन बांधून आणलं, पण सकाळी गाडी थरथरते

इंजिनकाम करून आणलेली गाडी गरम झाली की गुपचूप चालते, पण सकाळच्या पहिल्या सेल्फला मिसिंग मारते, अशा तक्रारीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांना गॅरेजमध्ये एकच निदान मिळालंय: ‘व्हीव्हीटी गेला’. व्हीव्हीटी म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा. व्हीव्हीटी क्वचित जातो. तो तेलावर चालतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत तेल पोचतंय का आणि तो बसवताना टायमिंगचे मार्क जुळले होते का, हे आधी बघायचं.

प्रश्न (मुलुंड): १.८ लिटरची पेट्रोल सेदान. रिंगा, बेअरिंगं, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), सगळं झालं. आता सकाळी गाडी ५०० आरपीएमवर येऊन हादरते, पाच मिनिटांनी शांत होते. स्कॅनरवर पी००११ आणि पी०१७१ असे दोन कोड आहेत. गॅरेजवाले कॅमचा व्हीव्हीटी गिअर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: लगेच नको. पी००११ चा अर्थ इतकाच की इनटेक कॅम (इनटेकचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पाहिजे त्यापेक्षा पुढे, वेळेआधी, गेलेला आहे. तो का गेला, हे कोड सांगत नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. कॅमच्या टोकाला असलेल्या व्हीव्हीटी गिअरच्या पोटात तेलाचे कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात तेल सोडलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. कुठल्या बाजूला सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम ईसीयूचा. इंजिन बंद होताना इनटेकचा गिअर सगळ्यात मागच्या जागी येतो आणि आतली पिन त्याला तिथेच अडकवून ठेवते. सकाळी चालू होताना तो तिथेच असायला हवा. पुढे सरकलेला असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेक उघडतो, मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जळलेला वायू मागे खेचतं आणि नव्या मिश्रणात तोच धूर मिसळतो. त्यातून हा थरथराट येतो. रेस दिली की थांबतो, कारण जास्त आरपीएमला हे मिश्रण सोसतं.

आता तपास. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, इंजिन बंद असतानाच, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हचं सॉकेट काढा आणि मग सेल्फ मारा. करंट नसेल तर बहुतेक इनटेक व्हीव्हीटी मागच्या जागी राहतात. (सॉकेट काढल्यामुळे पी००१० (या व्हॉल्व्हच्या सर्किटचा कोड) येईल, तो नंतर पुसून टाका.) आयडलिंग सुधारलं, तर नको तेव्हा करंट जातोय, वायरिंग बघा. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय, नाहीतर गिअर किंवा चेन.

व्हॉल्व्ह बाहेर काढणं सोपं, बहुधा एकच बोल्ट असतो. त्याची बारीक जाळी उजेडात धरून बघा. इंजिनकामानंतर तिथे हमखास सापडतात ते सिलिकॉनचे तुकडे. चेन कव्हरला आणि सम्पला (खालच्या तेलाच्या टाकीला) आपल्याकडे सिलिकॉन इतकं सढळ हाताने लावतात की निम्मं आतच निघतं, तेलाबरोबर फिरतं आणि सगळ्यात बारीक जाळीत अडकतं. काही गाड्यांत ही जाळी व्हॉल्व्हवर नसते, ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये वेगळ्या बोल्टच्या मागे असते. तो बोल्ट फिटरने उघडला होता का, ते विचारा. मग मल्टिमीटर. टोयोटाच्या जुन्या व्हीव्हीटी-आय पद्धतीच्या व्हॉल्व्हचा रोध थंड असताना ७ ते ८ ओहमच्या आसपास येतो. क्षणभर १२ व्होल्ट दिले की आतला स्पूल (सरकणारा दांडा) ठकदिशी पूर्ण सरकला पाहिजे आणि काढले की पूर्ण परत आला पाहिजे. अर्धवट थांबला तर तुमचं उत्तर मिळालं, आणि ते गिअरपेक्षा बरंच स्वस्त आहे.

पी०१७१ ही वेगळी भानगड, दोन्ही एकत्र बघू नका. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी इंजिन फुकटची हवा ओढतंय. इनटेक मॅनिफोल्डचं जुनंच गॅस्केट पुन्हा लावलं, नाहीतर ब्रेक बूस्टरचा किंवा पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप नीट बसला नाही. सुरुवातीची एखाद-दोन मिनिटं ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, म्हणून चूक उघडी पडते. नंतर तोच पेट्रोल वाढवून ती झाकतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, बघा. आयडलिंगला अधिक १५-२० आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर हवेचंच लीकेज.

मारुती, होंडावाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं लावू नये. त्यांच्या बऱ्याच गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजून, चालतात. तिथे हवा ओढली तर कोडच्या आधी आयडलिंग चढतं. आणि कॅमचं टायमिंग चुकलं तर व्हॅक्यूम पडतं, मॅपला वाटतं इंजिनवर लोड आलाय, मग ते पेट्रोल वाढवतं आणि प्लग काळे होतात.

प्रश्न (चेंबूर): फिटरने माझ्यासमोर चेन लावली, रंगीत कड्या मार्कला जुळवल्या. क्रँकला दोन फेरे दिल्यावर मात्र कड्या कुठेतरी भलतीकडेच. एक दात चुकला असेल का?

उत्तर: कड्या हलणारच. चेनच्या कड्यांची संख्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचा हिशोब असा असतो की रंगीत कड्या पुन्हा त्याच जागी यायला पुष्कळ फेरे लागतात. दोन फेऱ्यांनंतर बघायचं ते फक्त क्रँकचा मार्क आणि कॅमच्या स्प्रॉकेटचे मार्क. ते जुळत असतील तर चेन बरोबर आहे, कड्यांकडे दुर्लक्ष करा.

खरंच एक दात चुकला असता तर काय झालं असतं? समजा कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. एवढी चूक ईसीयूच्या नजरेतून सहसा सुटत नाही, पी००१६ (क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा कोड) येतो. तुम्ही कोड आल्याचं लिहिलेलं नाही. ‘हेडला फेस मारला म्हणून टायमिंग हललं’ असंही काही जण सांगतात. हलतं खरं, पण किती? पाव मिलिमीटर घासलं तर क्रँकचा जेमतेम अर्धा अंश. त्याने गाडी थरथरत नाही.

एक गोष्ट फिटरला जरूर विचारा: व्हीव्हीटी गिअरचा मधला बोल्ट आवळताना गिअर पिनवर अडकलेला होता ना, आणि कॅम पान्याने धरला होता ना? गिअर मोकळा असताना बोल्ट आवळला तर मार्क जुळलेले दिसतात आणि कॅम प्रत्यक्षात पुढे बसतो. एक्झॉस्टलाही व्हीव्हीटी असेल तर त्याची विसाव्याची जागा बहुधा उलटी, म्हणजे पूर्ण पुढची, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न (दहिसर): मिस्त्रीने २०डब्ल्यू-५० ऑइल टाकलंय. म्हणतो, मुंबईच्या गर्मीत आणि नव्या रिंगांना जाडच बरं. सकाळी चालू केल्यावर दोन सेकंद चेनच्या बाजूने खडखड येते.

उत्तर: ते ऑइल काढा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते टाका, ५डब्ल्यू-३० म्हणजे ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० म्हणजे ०डब्ल्यू-२०. बेअरिंगच्या फटी आणि व्हीव्हीटीचे मार्ग त्याच तेलाच्या मापाने केलेले असतात. मुंबईत जानेवारीतही पहाटे बहुधा १५ अंशांच्या वरच असतं हे खरं, पण ५० ग्रेडचं तेल त्या तापमानालाही संथच वाहतं. कॅमला पोचायला उशीर, व्हीव्हीटी प्रतिसाद द्यायला उशीर.

दोन सेकंदांची खडखड म्हणजे गिअरमधलं तेल रात्रीतून उतरून गेलंय आणि पिन धरत नाहीये, किंवा चेन टेन्शनरला दाब मिळेपर्यंत चेन सैल आहे. दोन्हींच्या आधी ऑइल फिल्टर बदला. चांगल्या फिल्टरमध्ये तेल मागे न जाऊ देणारा रबरी पडदा असतो. फुटपाथवरच्या नकली फिल्टरमध्ये तो कडक होतो किंवा नसतोच. तेल-फिल्टर बदलूनही आवाज राहिला, तर प्रेशर गेज लावून घ्या. आणि नवीन इंजिन सकाळी दहा-दहा मिनिटं आयडलिंगवर तापवत बसू नका. रिंगा आयडलिंगवर बसत नाहीत, त्यांना हलका लोड लागतो.

प्रश्न (घाटकोपर): बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. इंजिनकामानंतर सकाळी पेट्रोलवर मिसिंग, गॅसवर गेली की एकदम झकास.

उत्तर: तुमच्या गाडीने अर्धं निदान स्वतःच करून दिलंय. कॉम्प्रेशन, टायमिंग, व्हीव्हीटी यांना इंधन कुठलं आहे हे कळत नाही. ती बिघडली असती तर गॅसवरही त्रास झाला असता.

पण सिक्वेन्शियल किट पाणी थोडं तापल्यावरच गॅसवर जातं, म्हणून एक चाचणी करा. पूर्ण गरम गाडी स्विचने पेट्रोलवर घ्या. तेव्हाही मिसिंग, तर पेट्रोलचे इंजेक्टर: वर्षानुवर्षं रोज दोन मिनिटांपुरते उघडणारे इंजेक्टर चिकटतात. साफ करून घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी पेट्रोलवर नीट पळवा. गरम असताना पेट्रोलवरही छान चालली, तर पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर तपासा. सकाळी सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरवून स्कॅनर लावा. पाण्याचं आणि येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं. पाणी ७० दाखवत असेल तर ईसीयू गाडी गरम समजतोय आणि पेट्रोल कमी देतोय. उणे ४० दाखवलं तर सॉकेट जोडायचंच राहिलंय. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

प्रश्न (भांडुप): हे सगळं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे तर नाही?

उत्तर: नाही. ई१० वरून ई२० वर आल्यावर पेट्रोल साधारण चार टक्के जास्त लागतं, तेवढं ईसीयू सांभाळतो. आधीच लीकेज असेल तर त्यात ही भर पडते, इतकंच.

प्रश्न (गिरगाव): माझं उलटं आहे. सकाळी ठीक, पण तासभर ट्रॅफिकमध्ये चालली की सिग्नलला थरथरते. व्हॉल्व्हच्या सीट कापून घेतल्या होत्या. मलाही व्हीव्हीटीच बदलायला सांगितलंय.

उत्तर: सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याचा दांडा वर येतो आणि टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्हमधली) फट कमी होते. थंड असताना उरलेली थोडी फट पुरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबला की पूर्ण मिटत नाही आणि तो सिलिंडर दम सोडतो. तसंच चालवत राहिलात तर व्हॉल्व्हची कडा जळेल. दुसरी शक्यता बेअरिंगची फट जास्त राहिल्याची. त्यात गरम तेल पातळ होऊन आयडलिंगला दाब पडतो आणि व्हीव्हीटी खरोखरच अडखळतो, पण दोष त्याचा नसतो. गाडी रात्रभर गॅरेजला ठेवा, सकाळी थंड असतानाच व्हॉल्व्ह कव्हर उघडून फीलर गेजने प्रत्येक फट मोजून कागदावर लिहून घ्या, मग गाडी पूर्ण तापवून आयडलिंगला तेलाचा दाब बघा. हे दोन आकडे हातात आल्याशिवाय गिअरचे पैसे देऊ नका.