आजोबांना सिव्हिलला पाठवताना कागदावर काय लिहायचं

अगं, वृद्धाश्रमात नवीन लागलीस ना, मग ऐक, कोणाला रत्नागिरीला सिव्हिलला पाठवताना नुसतं "तब्येत बिघडली म्हणून पाठवलं" लिहू नको, त्यातून तिथल्या डॉक्टरला काय कळणार कप्पाळ? नेमकं लिही, ७ ला चहा घेतला, नीट बोलले, ८ ला तोंड वाकडं दिसलं. शेवटचे नॉर्मल कधी दिसले ती वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि आपल्याकडे पावसात रस्त्यातच किती वेळ जातो माहितीये ना.

बीपी, पल्स, ऑक्सिजन, शुगर वेळेसकट. गोळ्यांची यादी, आणि रक्त पातळ करायची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शेवटचा डोस कधी दिला तेही. एरवी माणूस कसा असतो ते बहुतेक जण लिहीतच नाहीत, आता आजी रोजच विसरतात की आजच अचानक बरळतायत हे तिथे कोणाला ठाऊक?

१०८ ला फोन कधी केला, गाडी कधी आली, मुंबईच्या मुलाला कधी कळवलं, सगळं टाक. कवळी, चष्मा, कानाचं मशीन सोबत दिलं का तेपण, नायतर नंतर भांडणं त्यावरूनच. झेरॉक्स आपल्या फाइलला. आणि खाडाखोड झाली तर व्हाइटनर नको हां, एक रेघ मारून सही कर.