कायदा सल्ला: आदेश परदेशातला, वडील भारतात

प्रश्न: माझा घटस्फोट अमेरिकेतील एका राज्याच्या न्यायालयात झाला. सात वर्षांच्या मुलाचा ताबा माझ्याकडे असून त्याच्या पालनपोषणासाठी वडिलांनी दरमहा 900 डॉलर द्यावेत, असा आदेश झाला आहे. या आदेशाला आता दोन वर्षे दोन महिने झाले. सुनावणीच्या वेळी ते त्यांच्या वकिलासह हजर होते. नंतर ते नोकरी बदलून महाराष्ट्रात परतले आणि गेले चौदा महिने त्यांनी एकही रक्कम पाठवलेली नाही. ‘अमेरिकेचा आदेश भारतात चालत नाही, शिवाय मुलाला भेटता येत नसेल तर पैसे कशाला द्यायचे’, असे त्यांचे म्हणणे आहे. मी मुलासह अमेरिकेतच राहते. मला काय करता येईल?

उत्तर: आधी त्यांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल, कारण पोटगी थकवणाऱ्या वडिलांकडून ते फार वेळा ऐकावे लागते. मुलाची भेट आणि मुलाची पोटगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. भेटीत अडथळा येत असेल तर वडिलांनी त्यासाठी न्यायालयाकडे दाद मागावी. पोटगी रोखून धरण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. ती रक्कम मुलाच्या शाळेसाठी, औषधासाठी आणि जेवणासाठी आहे, त्यामुळे आई-वडिलांच्या भांडणाची झळ तिला लागता कामा नये.

‘आदेश भारतात चालत नाही’ हे म्हणणे अर्धवट खरे आहे आणि त्यामुळेच दिशाभूल करणारे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ नुसार, भारत सरकारने राजपत्रातील अधिसूचनेद्वारे जाहीर केलेल्या काही देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे येथील जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून वसूल करता येतात. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड हे त्या यादीतील देश आहेत आणि जानेवारी 2020 मध्ये संयुक्त अरब अमिरातीचाही समावेश झाला. अमेरिका त्या यादीत नाही. मुलांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी 23 नोव्हेंबर 2007 रोजी झालेल्या हेग कराराचा भारत सदस्य नाही; अमेरिकेने तो करार 2017 पासून लागू केला असला तरी आपल्या प्रकरणात त्याचा उपयोग होणार नाही. म्हणून आपल्या राज्यातील पोटगी वसुली कार्यालय आपला अर्ज एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे पाठवून हे काम करून देऊ शकत नाही.

थेट दरखास्त करता येत नसली तरी आदेश निरुपयोगी ठरत नाही. त्याच्या आधारे, वडील जेथे राहतात तेथील न्यायालयात, नवा दावा दाखल करता येतो. त्या दाव्यात मुलाच्या गरजा आणि वडिलांचे उत्पन्न पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागत नाही, कारण त्याच संहितेच्या कलम 13 नुसार परदेशी न्यायालयाचा निर्णय उभय पक्षांमध्ये अंतिम मानला जातो. याला अपवाद सहा आहेत: न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसणे, निर्णय गुणदोषांवर (म्हणजे पुरावा आणि मुद्दे तपासून) झालेला नसणे, आंतरराष्ट्रीय कायद्याचे चुकीचे आकलन किंवा लागू असताना भारतीय कायदा नाकारणे, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणूक, आणि भारतातील कायद्याच्या भंगावर आधारलेली मागणी. आपल्या प्रकरणात वडील वकिलासह हजर राहिले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि मग आदेश झाला, ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. त्यामुळे सुनावणीतील त्यांच्या हजेरीची नोंद असलेला प्रत्येक कागद जपून ठेवावा.

मात्र मुदतीकडे तातडीने लक्ष द्यावे. परदेशी निर्णयावर आधारित दाव्यासाठी मुदत कायद्याने निर्णयाच्या तारखेपासून तीन वर्षे दिली आहेत, म्हणजे मूळ आदेशाच्या हिशेबाने आपल्या हाती दहाच महिने उरले आहेत. शिवाय पोटगीचा आदेश पुढे बदलू शकणारा असल्यामुळे तो ‘अंतिम’ कसा, असा आक्षेप हमखास घेतला जातो. यावर माझा सल्ला असा की, आपण प्रथम अमेरिकेतील त्याच न्यायालयाकडून आजवरच्या थकबाकीचा आकडा निश्चित करून घ्यावा. अमेरिकेच्या कायद्यानुसार थकलेला प्रत्येक हप्ता देय तारखेलाच न्यायालयीन निर्णयाचे स्वरूप धारण करतो आणि तो मागील तारखेपासून कमी करता येत नाही. चौदा महिन्यांचे 12,600 डॉलर, अधिक त्या राज्याच्या नियमानुसार लागू असल्यास व्याज, अशी स्पष्ट रक्कम आदेशात आली की भारतातील न्यायालयापुढे संदिग्धता उरत नाही. या कामात चार-सहा महिने जातील असे वाटल्यास त्याची वाट न पाहता मुदतीच्या आत येथील दावा दाखल करावा आणि नवा आदेश नंतर जोडावा.

पुढील महिन्यांच्या पोटगीसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 144 खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखाली, वडील जेथे असतील त्या ठिकाणी मुलासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्या कलमातच म्हटले आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हेही मनात धरून चालावे. अमेरिकेतील आदेश या अर्जात बंधनकारक हुकूमनामा म्हणून नव्हे, तर मुलाच्या गरजांचा आणि वडिलांच्या कमाईचा पुरावा म्हणून दाखवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 च्या निर्णयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले आहे. ‘पगार कमी आहे’ असे मोघम उत्तर त्यामुळे पुरेसे ठरत नाही. मात्र या कलमाखालील थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, याचा विसर पडू देऊ नये.

दिवाणी हुकूमनामा मिळाल्यानंतर त्यांचा पगार जप्त करता येतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा केवळ एक-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. साध्या कर्जाची वसुली करणाऱ्याला एवढी सवलत मिळत नाही, कारण मुलाचे भरणपोषण इतर देण्यांच्या आधी येते, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. ते एखाद्या अमेरिकी कंपनीच्या अमेरिकेतील वेतनपटावर राहून घरून काम करत असतील, तर तेथील वेतनकपातीचा आदेश त्या कंपनीवरच बजावता येईल आणि भारतात येण्याची गरजही पडणार नाही, म्हणून त्यांचा पगार कोठून निघतो याची चौकशी सर्वांत आधी करावी. ते अमेरिकी नागरिक असतील आणि थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली असेल, तर त्यांचा पासपोर्ट रोखण्याची तरतूदही तेथे आहे.

कागदांबाबत एक अनुभव सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका आईने वहीत एका रकान्यात देय तारीख, दुसऱ्यात मिळालेली रक्कम आणि तिसऱ्यात बँकेच्या नोंदीचा क्रमांक असा हिशेब चार वर्षे ठेवला होता, आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलांना त्यातली एकही ओळ खोडून काढता आली नाही. आपणही असा तक्ता ठेवावा आणि तेथील वसुली कार्यालयाकडील भरण्याचा अधिकृत उतारा त्याला जोडावा. आदेशाची नुसती छायाप्रत चालणार नाही. न्यायालयाच्या सहीशिक्क्याची प्रमाणित प्रत आणि तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र, घ्यावे. अशी प्रत हजर केली की ते न्यायालय अधिकारक्षेत्रात होते असे गृहीत धरण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 14 मध्ये आहे आणि त्याउलट सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर पडतो. प्रत्येक तारखेला स्वतः येणे आवश्यक नाही. विश्वासू नातेवाइकास कुलमुखत्यारपत्र देऊन दावा चालवता येतो आणि आपली साक्ष दूरदृश्य पद्धतीने व्हावी अशी विनंती न्यायालयाला करता येते.

प्रश्न: ब्रिटनमधील न्यायालयाने माझ्या मुलीसाठी पोटगीचा एकतर्फी आदेश केल्याचे पत्र मला मिळाले आहे. मी तीन वर्षांपूर्वी भारतात परतलो असून माझे उत्पन्न आता तेव्हाच्या चौथाईवर आले आहे. मला समन्स मिळाल्याचे आठवत नाही. मी गप्प राहिलो तर काय होईल?

उत्तर: गप्प राहू नये, हे प्रथम सांगतो. ब्रिटन हा अधिसूचित देश असल्याने आदेश देणारे न्यायालय अधिसूचनेत बसत असेल, तर थेट दरखास्त दाखल होऊ शकते आणि तेव्हा आपल्याला केवळ वर सांगितलेल्या सहा अपवादांच्या आधारेच विरोध करता येईल. ‘रक्कम जास्त आहे’ हा त्यातला अपवाद नाही.

एकतर्फी असणे हेही आपोआप बचावाचे कारण ठरत नाही. पुरावा तपासून निर्णय झाला असेल तर एकतर्फी निर्णयही गुणदोषांवरचा मानला जातो. पुरावा न पाहता केवळ गैरहजेरीमुळे आदेश झाला असेल तर तो तसा राहत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केली आहे. म्हणून तेथील न्यायालयातून समन्स बजावणीची नोंद आणि निर्णयाची कारणे मागवून घ्यावीत. ‘आठवत नाही’ आणि ‘मिळाले नाही’ यांत न्यायालयात फार मोठे अंतर असते. जुने ईमेल आणि तेव्हाचा पत्ता तपासूनच प्रतिज्ञापत्रावर सही करावी.

समन्स खरोखर मिळालेले नसेल तर तो आदेश रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करावा. मिळाले असेल, तर उत्पन्न घटल्याचे पगारपत्रक आणि आयकर विवरणपत्र जोडून रक्कम बदलून मागावी आणि हा अर्ज याच महिन्यात करावा, कारण विलंबाचा प्रत्येक महिना थकबाकीत भर घालतो. दरम्यान आपल्याला झेपेल तेवढी रक्कम मुलीसाठी बँकेमार्फत, ‘मुलीची पोटगी’ असा उल्लेख करून, दर महिन्याला नियमित पाठवत राहावे. रोख किंवा भेटवस्तूंच्या रूपात काही देऊ नये, कारण पुढे ते पोटगीत धरले जाईलच असे नाही.