बीपी नॉर्मल आलं म्हणून ह्यांनी गोळीच बंद केली

प्रश्न : डॉक्टर, आमच्या मिस्टरांचं वय 52. मागच्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये बीपी 158/98 निघालं, पुन्हा दोनदा मोजलं तरी तेवढंच, मग अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली. तीन महिन्यांत 126/82 वर आलं आणि ह्यांनी परस्पर गोळी बंद करून टाकली. परवा कपाट आवरताना अर्धी स्ट्रिप सापडली तेव्हा मला कळलं. म्हणतात डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, रोज सकाळी चालतो, एकदा गोळी लागली की जन्माची सवय लागते. खूप खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की घोट्याशी सूज यायची, बूट घट्ट व्हायचे. सासरे 54व्या वर्षी हार्टअटॅकने गेलेत हो, मला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. ते 126/82 गोळी चालू असतानाचं बीपी होतं, गोळीचा असर उतरला की बीपी परत जुन्या जागी जातं, त्यामुळे आधी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आज किती आहे ते मोजून घ्या.

डोकं दुखत नाही यावर अजिबात विसंबू नका. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असतं आणि माणसाला काही म्हणजे काही जाणवत नाही. आत मात्र काम चालू असतं. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला रक्त बाहेर ढकलतो, समोरचा दाब जास्त असला की त्याला जास्त जोर लावावा लागतो, जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते, मग कडक होते, मग त्यात रक्त नीट भरत नाही आणि एक दिवस जिना चढताना दम लागायला लागतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, तिथे कोलेस्टेरॉल साठत जातं आणि त्या अरुंद जागी गुठळी झाली की अटॅक. मेंदू आणि किडनीलाही हाच त्रास. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचं बीपी दर 20 ने वाढलं की हृदयविकाराने किंवा स्ट्रोकने जाण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. त्यात वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक आलेला, म्हणजे ह्यांचा धोका मुळातच जास्त.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी कितीतरी वर्षं चढत होतं आणि तेव्हा धड औषधच नव्हतं. 12 एप्रिल 1945 ला डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि त्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, बीपी 300/190 मोजलं गेलं होतं. आज रोजची एक साधी गोळी मिळते आणि ती कपाटात पडून राहते, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

आता सुजेचं. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजणं कॉमन आहे आणि त्यावर उपाय आहे, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण डॉक्टरांना कळलं तर ना! पेशंट हे सांगायला संकोचतात आणि गुपचूप गोळी सोडतात, काही गोळ्या अचानक सोडल्या तर बीपी उसळी मारतं. आणि सवय वगैरे काही लागत नाही, आजार राहतो म्हणून गोळी राहते.

चालणं सोडू नका, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, आणि पाकिटातल्या पदार्थांतलं मीठ त्यातच धरायचं. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. वजन उतरलं तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करू शकतात. अजून एक, हे तुम्हालाच माहीत असणार : ते जोरात घोरतात का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का? तसं असेल तर आवर्जून सांगा, बीपी चढण्याचं ते एक मोठं कारण असतं. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि ईसीजी याच फेरीत करून घ्या. छातीत दाबल्यासारखं झालं, बोलताना जीभ अडखळली, एक हात लुळा पडला तर मात्र बीपी मोजत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : घरच्या मशीनवर एकदा 146, लगेच 137, मग 129 येतं. मशीन खराब आहे का?

उत्तर : बहुतेक नाही, बीपी हलतंच. आधी लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नको, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, मशीनचा पट्टा (कफ) उघड्या दंडावर आणि हात छातीच्या पातळीला टेकवलेला. मोजताना बोलू नका, मोबाइल बाजूला. एक मिनिट सोडून दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, सगळं वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, ती 135/85 किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.