‘जोराचा पाऊस’ म्हणजे किती?

गुहागर, आषाढ

प्रिय बाय,

गाडीच्या ऑटो वायपरच्या रिक्वायरमेंटचा, म्हणजे वायपरने कधी काय करायचं ते सांगणारा, तू पाठवलेला कागद वाचला. त्यात लिहिलंयस: ‘पाऊस जोराचा असल्यास वायपर वेगाने चालावा.’ वाचणारा प्रत्येक जण मान डोलवेल, पण प्रत्येकाच्या मनातला पाऊस वेगळा असेल. आम्ही इथे ज्याला भुरभुर म्हणतो, त्यात पुण्याची माणसं आडोसा शोधतात. ईसीयूला, म्हणजे वायपर चालवणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाला, फक्त रेन सेन्सरचा आकडा कळतो. तो लिही. तो किती मिलिसेकंद टिकल्यावर वेग वाढवायचा, तेही लिही. वेग उतरवण्याचा आकडा थोडा खाली ठेव, नाहीतर सर ओसरताना वायपर सारखा वेग बदलत राहील.

पण सेन्सर गप्प झाला तर? हे मी स्वतः एकदा लिहिलं नव्हतं. महिनाभर किनाऱ्यावर उभी असलेली चाचणीची गाडी आम्ही भर पावसात कुंभार्ली घाटात चढवत होतो. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजला होता. सेन्सरला ईसीयूशी जोडणाऱ्या तारेवरचे, म्हणजे लिन बसवरचे, संदेश बंद झाले आणि वायपर थांबला. काचेवर पाण्याचा पडदा, बाहेर धुकं, बाजूला दरी. प्रोग्रामरने ‘संदेश नाही’ म्हणजे ‘पाऊस नाही’ असं धरलं होतं. दोष त्याचा नव्हता, माझा कागदच तिथे मुका होता. अजून आठवलं की हात गार पडतात.

म्हणून असं लिही: ‘वायपर ऑटोवर असताना सेन्सरचे सलग ३ संदेश चुकले, तर ईसीयूने ५०० मिलिसेकंदांच्या आत वायपर मंद वेगाने सुरू करावा.’ आकडे तुमच्या गाडीप्रमाणे ठरव. डॅशबोर्डवर सूचना दाखवणं ही वेगळी रिक्वायरमेंट, तिला वेगळा क्रमांक दे. एका वाक्यात दोन कामं कोंबलीस, तर एक पास आणि एक नापास झाल्यावर टेस्टर काय नोंदवणार? गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक आयएसओ २६२६२ सुद्धा सुरक्षेच्या रिक्वायरमेंटबद्दल हेच मागतं: अर्थ एकच निघावा, पडताळता यावी, माग काढता यावा.

हा ‘असताना, तर’चा साचा रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये ‘ईअर्स’ नावाने मांडला, तोही विमानाच्या इंजिनाच्या नियंत्रणासाठी. मराठीत तो किती सहज बसतो बघ, आपल्याकडे अट आधी आणि क्रियापद शेवटीच येतं. अडलीस की आधी मराठीत लिहून बघ.

आणि कागद प्रोग्रामरच्या आधी टेस्टरला दे. तो जिथे ‘म्हणजे किती?’ विचारेल, तिथे तुझं काम राहिलंय.

गणपतीला येशील तेव्हा सुधारलेली प्रत आण. स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, तेव्हा अर्ध्या काचेवर असलेल्या वायपरने काय करायचं, ते मला यात कुठेच सापडलं नाही.

तुझा काका