रीफ टँकची 2 लाख 40 हजारांची लाइट घ्यायला एफडी मोडू का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात प्रश्न असा की जुळे सोलापूरच्या घरात 6 बाय 2 बाय 2 फुटाचा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक बसवताय, लाइटची तीन कोटेशन आलीत, इम्पोर्टेड एलईडी 3 नग 2 लाख 40 हजार, मधल्या रेंजचे एलईडी 3 नग 90 हजार, आणि एकाचा वापरलेला मेटल हॅलाइडचा (जुन्या पद्धतीच्या जोरदार बल्बांचा) सेट 45 हजारात. हाताशी 3 लाखाची एकच एफडी, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून महिन्याला 25 हजार शिल्लक पडतात, आणि दुकानदार 2 लाख 40 हजारवाल्या लाइटला 12 महिने नो कॉस्ट ईएमआय द्यायलाय.

आधी 45 हजारवालं बघू, कारण स्वस्त म्हणून तुमचं मन तिकडंच ओढतंय असं पत्रावरनं वाटलं. 250 वॅटचे 3 बल्ब, वर निळ्या प्रकाशासाठी 80 वॅटच्या 2 ट्यूब, म्हणजे 900 वॅटच्या वर लोड. दिवसाला 9 तास धरले तर महिन्याला साधारण 245 युनिट. एलईडी 150 वॅटचे 3 घेतले आणि 60 टक्क्यांवर चालवले तर तेच 73 युनिट होतात. फरक 170 युनिटचा, आणि घरचा एसी धरून तुमचं बिल वरच्या स्लॅबमध्येच जाणार म्हणून मी युनिटला 15 रुपये धरलेत, तर महिन्याला अडीच हजार, वर्षाला 30 हजार. म्हणजे 90 हजारवाल्यांपेक्षा 45 हजार वाचवले ते दीड वर्षात लाइटबिलातच गेले, आणि हॅलाइडचे बल्ब वर्षभरात रंग बदलतात म्हणून नवे घालायचे तो खर्च वेगळाच.

आणि खरं दुखणं पुढं आहे. हे जादाचे सहाशे-साडेसहाशे वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत राहणार. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 डिग्री, आणि टँकचं पाणी 25-26 च्या आसपास ठेवायचंय. मग चिल्लर, म्हणजे टँकचं पाणी थंड करायचं यंत्र, मोठा घ्या, तो जास्त वेळ चालवा, त्याची वीज परत वेगळी. पाणी तापलं की कोरल आपल्या अंगातली शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, 2024 ला लक्षद्वीपचे कोरल भर समुद्रात असून असे पांढरे पडले, तर आपल्या हॉलमधल्या टँकला उन्हाळा किती सोसणार? म्हणून लाइटच्या आधी चिल्लर आणि पंपांसाठी इन्व्हर्टर, हे पैसे पहिले बाजूला काढा.

आता 2 लाख 40 हजारवाली. लाइट उत्तमच आहे, वादच नाही. पण एवढा जोर लागतो तो अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या कोरलला, आणि ते 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत! दुकानदार काहीही म्हणू दे, कागदपत्र बघितल्याशिवाय आणि वकिलाला विचारल्याशिवाय तसला एक तुकडाही घरात आणू नका, माझं हे कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मशरूम, झोआ आणि लेदर हे मऊ अंगाचे कोरल आवडतात, ते कमी-मध्यम प्रकाशात छान वाढतात, त्यांना 90 हजारवाले पुरून उरतील. वरचे दीड लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर 10 वर्षांत 2 लाख 95 हजारांच्या घरात जातात.

ईएमआयचं म्हणाल तर नो कॉस्ट हे नुसतं नाव. रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, व्याजावरचा जीएसटी लागतो. आणि महिन्याला 20 हजार हप्ता गेला की हातात राहिले 5 हजार. टॉवेलची ऑर्डर दोन महिने थांबली तर कामगारांचा आठवडा कुठनं देणार? एफडी त्याच्यासाठीच आहे दादा, ती मोडायची नाही. मोडली तर व्याज कापतात ते एक, पण मुलीची जूनची अ‍ॅडमिशन पण त्याच पैशावर उभी आहे हे तुम्हीच लिहिलंय.

माझ्या मते 90 हजारवाले घ्या, पण आज नको. टँकमध्ये पाणी भरल्यावर सायकल व्हायलाच, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू पाण्यात तयार व्हायलाच 6-8 आठवडे जातात, तेव्हा कोरल नसतो, साधी लाइट चालते. लगेच जोरात लाइट लावली तर उलट शेवाळच माजतं. तोवर 50 हजार जमतात, आणखी दोन महिन्यांत पूर्ण रक्कम, एफडीला हात न लावता; चिल्लर-इन्व्हर्टरला आधी पैसे लागले तर तेवढे महिने लाइट पुढं ढकला. घेताना वॉरंटी भारतातली आहे का, फॅन आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) सुटा मिळतो का हे बिलावर लिहूनच घ्या, कारण एलईडी 50 हजार तास चालते म्हणतात पण आपल्या धुळीत आणि मिठाच्या वाफेत आधी फॅन जातो.

आणि चिल्लरचं कोटेशन अजून घेतलं नसेल तर या आठवड्यात घ्या, गेल्या मे महिन्याच्या लाइटबिलासोबत मला पाठवा, त्यावरनं महिन्याचा चालू खर्च काढून देतो.