कुत्रा, लिफ्ट आणि सोसायटीचा ठराव

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर लॅब्राडोर पाळलाय. मागच्या महिन्यात लिफ्टचं दार उघडलं आणि तो पट्ट्याशिवायच बाहेर झेपावला. सासूबाई काठी टेकून दारापाशी उभ्या होत्या, त्या पडल्या. मनगट मोडलं, प्लास्टर आहे. मालकांचं म्हणणं, ‘तो चावत नाही, नुसता खेळायला येतो.’ त्यानंतर सर्वसाधारण सभेत ठराव झाला : कुत्र्यांना लिफ्ट बंद, बाग बंद, तोंडाला जाळी सक्तीची, नाही पाळलं तर दंड. आता मालक म्हणतात ठरावच बेकायदा आहे. खरं कोणाचं?

उत्तर : आधी सासूबाईंबद्दल. प्लास्टर निघाल्यावरही काही दिवस त्यांना लिफ्टपर्यंत सोबत करा. हाड जुळतं, पण पडण्याची धास्ती लवकर जात नाही. या वयात एकदा बाहेर पडणं थांबलं की पुन्हा सुरू करणं फार अवघड जातं.

ठरावाबद्दल मालक बरेचसे बरोबर आहेत. कुत्र्याबद्दल मात्र ते पूर्ण चुकलेत. तुमच्या सभेत या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, तोंडाच्या जाळीची सक्ती करता येत नाही, मनाला येईल तसा दंड लावता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. बागेत यायच्या वेळा मात्र ठरवून देता येतात. प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालणारे सोसायट्यांचे नियम केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये बेकायदा ठरवले. तेव्हा तुमचा ठराव आहे तसा टिकेल असं मला वाटत नाही. जाळीच्या सक्तीला माझा प्राण्यांची डॉक्टर म्हणूनही विरोध आहे. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. बाजारात मिळणाऱ्या कापडी पट्टीने तोंड आवळून बंद केलं तर उन्हात त्याचा जीव जाऊ शकतो.

आता मालकांकडे वळू. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यांनी नीट वाचावं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल आणि तो टाळण्याची पुरेशी काळजी मालकाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यात कुत्र्याने चावायलाच हवं असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि याच संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीची जी व्याख्या आहे, तिच्यात हाड मोडणं येतं. पंचवीस-तीस किलोचा कुत्रा, तोही मोकळा, आणि समोर काठी टेकून उभी असलेली बाई. तो लाडाने अंगावर आला की रागाने, मनगटाला काय फरक पडतो?

‘तो काही करत नाही’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी सतत ऐकते. बोलणाऱ्याचं कुत्र्यावर खरंच प्रेम असतं. पण समोरच्या माणसाला ते कळणार कसं? त्याला फक्त आपल्याकडे धावत येणारं जनावर दिसतं.

लिफ्टपाशी काय करायचं ते तुमच्या शेजाऱ्यांना दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहिते. घरातून निघतानाच पट्टा लावायचा, खाली पोचल्यावर नाही. गुंडाळी होणारा लांब दोर इमारतीत वापरू नये. दार उघडताच कुत्रा पुढे उसळतो, दोर सरसर सुटतो आणि बटण दाबेपर्यंत तो समोरच्यावर पोचलेला असतो. साधा चार-पाच फुटी पट्टा घ्यावा आणि लिफ्टपाशी तो इतका आखूड धरावा की कुत्र्याचं डोकं आपल्या गुडघ्याच्या पुढे जाणार नाही. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला. आपण मध्ये, त्याच्या आणि दाराच्या. दार उघडलं की त्याला बसवायचं, आधी आपण बाहेर डोकावून बघायचं, बाहेर कोणी असेल तर त्यांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा, मग निघायचं. ‘बस’ आणि ‘थांब’ शिकायला लॅब्राडोरला फार दिवस लागत नाहीत, खाण्यासाठी तो काहीही शिकतो. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवावी. त्याहून सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून मान काढून घेतो.

तुम्ही करायचं ते असं : मालकांना लेखी पत्र द्या, उपचाराचे कागद जोडा, खर्च मागा. बहुतेक महापालिकांमध्ये कुत्र्याचा परवाना सक्तीचा असतो आणि तो मिळवायला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. परवाना आहे का तेही विचारा. दाद दिली नाही तर कलम २९१ खाली पोलिसांत तक्रार करायचा मार्ग आहेच. आणि सभा पुन्हा बोलवा. बंदी काढा, त्याजागी परवाना आणि लसीची नोंद, इमारतीत आखूड पट्टा, बागेच्या ठरलेल्या वेळा, घाण उचलण्याची विनंती, असं लिहा. हे मालकांनाही नाकारता येणार नाही.

प्रश्न : आमच्या फाटकापाशी चार भटके कुत्रे असतात. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे म्हणून कमिटी गाडी बोलावून त्यांना गावाबाहेर सोडणार आहे. आदेश खरंच तसा आहे का?

उत्तर : नाही. कमिटीला आजच थांबवा. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवायचा आदेश आला होता. तो २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बदलला : नसबंदी आणि लस करून कुत्रा उचलला तिथेच परत सोडायचा. रेबीज झालेले किंवा तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडायचे नाहीत. रस्त्यावर कुठेही खायला घालायचं नाही, ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. ७ नोव्हेंबरच्या आदेशात कुत्रे हटवायला सांगितलं ते शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांमधून. त्या यादीत गृहनिर्माण सोसायटी नाही.

गावाबाहेर सोडून प्रश्नही सुटत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत नवे, बिनलसीचे कुत्रे येतात. तुमच्या चारांचे कान बघा. एका कानाची कड कापलेली असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. नसेल तर पालिकेकडे लेखी अर्ज करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खायला घालण्याची जागा ठरवणं सोसायटीचंही काम आहे. ती जागा जिना, ये-जा करायचं फाटक आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी. म्हणजे तुमच्या फाटकावर भाकरी टाकणाऱ्यांना जागा बदलायला सांगणं योग्यच आहे. तरीही कोणाला चावा बसलाच तर हळद-चुना-तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आठवणीने विचारा.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा आमच्या जर्मन शेफर्डला एकटा फिरवायला नेतो. दोघांचं छान जमतं. चालेल ना?

उत्तर : नको. जमतं हे खरंच असेल, पण समोर दुसरा कुत्रा आला तर त्या मुलाच्या मनगटात शेफर्डला धरून ठेवायची ताकद नाही. पट्टा हाताला गुंडाळलेला असेल तर मुलगा फरफटत रस्त्यावर जाईल. त्याने जरूर सोबत जावं. पट्टा तुमच्या हातात ठेवा आणि बसवणं, थांबवणं, हाक मारणं त्याला करू द्या.