शहराजवळ दीड एकरावर घर बांधून राहायला जावं का?

तुम्ही विचारलंय की दोघंही नोकरी करतो, दोन शाळकरी मुलं आहेत आणि शहरापासून अर्ध्या तासावर दीड एकर मिळतंय, तर कायमचं जावं का. आम्ही नऊ वर्षं अशाच घरात आहोत. जा, असंच म्हणेन. फक्त तिथे नगरपालिका आपणच असतो, हे धरून चाला.

विहीर आपली, पंप आपला, मैल्याची व्यवस्थाही आपलीच. वीज गेली की पाणी गेलं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. धाकटी केसांना शाम्पू लावून न्हाणीघरात उभी, डोळे गच्च मिटलेले, आणि मी शेजारी बादली मागायला पळतोय! पुढच्याच महिन्यात गच्चीवर टाकी चढवली. (टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर जेमतेम 1 बार दाब मिळतो. आमची तेवढी उंच नाही, त्यामुळे शॉवर मुळूमुळू रडतो.)

घराच्या नकाशाआधी विहीर आणि सेप्टिक टँक कुठे येणार ते ठरवा. विहीर चढाच्या अंगाला, टँक उताराला, मध्ये 30 मीटर तरी सोडा. आम्ही आधी घर आखलं आणि मग टँकला जागा शोधत बसलो. टँकमधला मैला जिवाणू कुजवतात, त्यामुळे भसाभस फिनेल आणि ॲसिड ओतायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. गाळ तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. विहिरीचं पाणी वर्षातून एकदा तपासून घ्या. जंतू उकळून मरतात, नायट्रेट (खतातून, मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार) मात्र जात नाही. उकळताना पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं.

दीड एकर म्हणजे 65,340 चौरस फूट. गवत कापायला घेतलं की हा आकडा अंगावर येतो. एक टोक संपवेपर्यंत दुसरीकडचं पुन्हा घोट्याला लागतं. आता घराभोवतीचं तेवढं कापतो, बाकीच्या जागेत झाडं लावून मोकळा झालो. हे सुचायला पाच वर्षं लागली.

मुलं लहान असेपर्यंत मजेत राहतात. चौदा-पंधराची झाली की क्लास, मॅच, मित्राचा वाढदिवस, सगळीकडे सोडणं-आणणं आपल्यावर. व्यवहार करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, त्या रस्त्याने एकदा जाऊन बघा. तो अर्धा तास तुम्ही बहुतेक रविवारी दुपारी मोजलाय.